धुडकूअप्पांचा मुका थैला

देवाने माणसाला पाठ दिली ती फिरवण्यासाठी नव्हे, ओझे घेण्यासाठी दिली, अशी धुडकूअप्पांची पक्की समजूत होती. आणि ज्याने पाठी घडवल्या त्यानेच त्या पाठींसाठी पट्टे शिवण्याचे काम आपल्याकडे सोपवले, म्हणून मशीन हीच आपली वीणा, दोरा हीच तिची तार, असे मानून हा खानदेशी शिंपी सुरतेच्या उधना भागात, मागांच्या अखंड खडखडाटात, दिवसभर प्रसन्न मनाने बसलेला असे. चोपड्याकडच्या तापीकाठच्या खेड्यातून निघालेले अप्पा तापीच्याच सोबतीने सुरतेला आले होते. “नदी खाली आली, तिच्या मागे मीही आलो,” असे ते सांगत आणि आपल्याच बोलण्यावर पोट धरून हसत.

रिंगरोडच्या कापडबाजारात साड्यांची गाठोडी पाठीवर वाहणाऱ्या हमालांचे पट्टे अप्पा शिवत. नमुने घेऊन गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्यांचे थैलेही त्यांच्याच हातचे. पण नवा थैला शिवून झाला की तो लगेच गिऱ्हाइकाच्या हाती पडत नसे. अप्पांची एक रीत होती. पहिले ओझे देवाचे. एकादशीला त्यांचे भजनी मंडळ उधन्याहून कडोदऱ्याच्या मागवाल्यांच्या वस्तीत भजनाला जाई. मंडळाचे सामान टेंपोतून जात असे, पण नवा थैला तयार असेल तर अप्पा त्यात विठोबाची पितळी मूर्ती, समई, टाळ असे काहीबाही भरत, थैला पाठीवर घेत आणि कडोदऱ्यापर्यंत पायी जात. शिवण कुठे ताणते, पट्टा कुठे काचतो, हे त्यांना वाटेत कळे. देवाचीही सोय होई, गिऱ्हाइकाचीही.

“अप्पा, तुमच्या थैल्याला गॅरंटी किती?” असे कोणी विचारले की ते म्हणत, “ज्याने विश्व उचललंय त्याला मी उचलून पाहिलंय. तुझ्या साड्यांचं काय घेऊन बसलास?”

त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माळेबरोबर एक नेमही होता. जीव मारून आणलेली वस्तू ज्यात जाईल, त्या पिशवीला आपली सुई लावायची नाही.

हा नेम एकदाच कसोटीला लागला होता. शेजारच्या चाळीत वऱ्हाडातला राघो राही. तो मागावर पाळी करी आणि सुट्टीच्या दिवशी तापीत गळ टाकून बसे. मिळालेली मासळी एका जुन्या तेलाच्या डब्यात घालून, डबा सायकलच्या हँडलला अडकवून तो विकायला निघे. डबा गळे, हँडल एका बाजूला ओढले जाई आणि राघोचा उजवा हात संध्याकाळी दुखून येई. “अप्पा, मलेबी पाठीवरचा थैला शिवून द्या ना,” असे त्याने एकदा म्हटले, तेव्हा अप्पांनी माळेला हात लावून नकार दिला होता. राघो हसला होता. “राहू द्या ना अप्पा. मासे डब्यातबी तसेच मरतेत.” तो हसला खरा, पण त्या दिवसापासून डबा अडकवलेली सायकल दुकानावरून गेली की अप्पांची नजर आपोआप मशीनच्या सुईवर खिळे.

एकोणीसशे शहाण्णवच्या हिवाळ्यात एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी पांढरी मोटार थांबली. तिच्यातून लोकरीची टोपी घातलेला एक धिप्पाड माणूस उतरला. त्याच्या दोन्ही हातांत दोन अवाढव्य थैले होते.

“जय श्रीकृष्ण! धुडकूअप्पा तमेच के?”

“मीच. या, बसा. माल कोणता पाहिजे?”

“माल माझ्याकडे छे,” पाहुणा थैले उतरवत म्हणाला, “मला अक्कल पाहिजे.”

हे ठाकोरभाई. मूळचे बारडोलीजवळच्या गावचे, आता कॅनडात लाकडाच्या कारखान्यात नोकरीला. लहानपणी ऊसतोडीला येणाऱ्या खानदेशी मजुरांच्या मुलांबरोबर खेळलेले, म्हणून त्यांना मराठी येत होती. ती सुरतेच्या उंधियूसारखी होती. तिच्यात सगळेच पडलेले, आणि तरी चव लागलेली. कापडबाजारातल्या एका हमालाने त्यांना सांगितले होते की ज्याच्या पट्ट्याने खांदा सोलत नाही, तो माणूस उधन्यात बसतो.

“जुओ अप्पा, माझ्याकडे दोन आहे, अने दोनपैकी एकपण धड नाही. आ पहिला. बाहेरथी नळ्यांचा सांगाडा. वजन हाथीसारखा घेतो, पण चालला की बैलगाडीसारखा किरकिर करतो. आ दुसरा. सांगाडा आत, अंगाला मस्त चिकटतो, पण कापड नायलॉननुं. झाडाची फांदी घासली की सर्र! एटले कोणता घेऊ ते सांगा, नाहीतर तिसरा शिवा.”

अप्पांनी थैले उलटेपालटे केले. शिवणी वाचल्या, बक्कले उघडमिट करून पाहिली. मग कोपऱ्यातले सुताच्या कोनांचे पोते पहिल्या थैल्यात कोंबले आणि तो पाठीवर घेतला.

“असा नहीं अप्पा, थांबा!” ठाकोरभाईंनी थैल्याच्या खालच्या बाजूचा रुंद, गादीदार पट्टा ओढून अप्पांच्या कमरेभोवती आवळला आणि बक्कल लावले. “वजन खभा पर नहीं, केड पर! खांदा फक्त तोल सांभाळेल, ओझं कमरेने घ्यायचं.”

आणि काय आश्चर्य! खांद्यांवरचा भार जणू कोणी मागून येऊन अलगद उचलून घेतला. अप्पा गल्लीत एक फेरी मारून आले, मग आणखी एक. माना वळल्या, मागांवरची माणसे दारात येऊन उभी राहिली. अप्पांना कुणाचे भान नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे कापडबाजारातले हमाल उभे होते. त्यांचे काळे पडलेले खांदे, संध्याकाळी बायकोकडून कोमट तेल लावून घेणाऱ्या त्यांच्या माना. इतकी वर्षे आपण खांद्यालाच गादी लावत राहिलो, आणि देवाने ओझ्यासाठी दिलेली कंबर तशीच मोकळी सोडली! हा थैला आपल्या हाताने उसवून, समजून, पुन्हा शिवलाच पाहिजे, अशी एक गोड तहान त्यांना लागली.

“पण ठाकोरभाई,” परत येऊन त्यांनी विचारले, “एवढं ओझं तिकडे कशाचं नेता? साड्या?”

“साड्या नहीं, मूसनी टांग,” ठाकोरभाई दिलखुलास हसले. “मूस एटले सांबरासारखं जनावर, पण घोड्यापेक्षा उंच. शरद ऋतूत अमे शिकारीला जातो. जंगलात मोटार नाही, रस्ता नाही. जनावर पडलं की पाठीवर आणायचं. म्हणून तर कापड मुकं पाहिजे. त्याचे कान एटला मोठा! जरा सर्र झालं की गायब.”

अप्पांनी थैला असा खाली ठेवला, जसे कडेवर झोपलेले मूल अंथरुणावर ठेवतात. “आपल्याकडे शिकारीला बंदी आहे,” ते हळूच म्हणाले.

“इथे नहीं, अप्पा! तिकडे. सरकारी परवाना काढायचा, एक जनावर, ते पण नशिबात असेल तर. आखो शियाळो, सगळा हिवाळा, घर ते खातं. वाया काही जात नाही.”

अप्पांचा हात माळेवर गेला. राघोला ‘नाही’ म्हणायला त्यांना एक श्वास पुरला होता. आज तोच शब्द ओठांपर्यंत येई आणि परत फिरे. “चार दिवस द्या,” एवढेच ते म्हणाले. थैले तिथेच ठेवून मोटार गेली.

कलाबाई, अप्पांचे कुटुंब, दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

“काय हो, तुम्हना नेम सायकलवालाले येगळा आनि मोटारवालाले येगळा शे का?”

“तसं नही वं. तो कमरपट्टा देखा का तू? हमालस्ना खांदा वाचतीन!”

“वाचतीन ना. मंग राघोभाऊना हात काय लोखंडना शेत का?”

सूप पुन्हा वर-खाली होऊ लागले आणि त्या आवाजापुढे मागांचा खडखडाटही फिका वाटला.

संध्याकाळी ते मंडळाच्या गणपतबुवांकडे गेले. बुवा मराठवाड्यातले, दिवसा बांधकामावर मुकादम, संध्याकाळी वीणेकरी. अप्पांनी सगळे सांगितले. आपले मन त्या पट्ट्यात कसे अडकले आहे हेसुद्धा लपवले नाही. शेवटी हात जोडून म्हणाले, “बुवा, शिवला तर नेम मोडतो. नाही शिवला तर हमालांचे खांदे डोळ्यांपुढून हलत नाहीत. आणि शिवला तर राघोला तोंड कसं दाखवू?”

बुवा वीणेची खुंटी पिळत होते. त्यांनी तार सुरात आणली. मग म्हणाले, “माळ तुमची, सुई तुमची. मी निकाल देणारा कोण? पण एक विचारतो. पहिलं ओझं देवाचं, असं तुम्ही म्हणता ना? मग राघोच्या थैल्यात बसायला देव तयार आहे का, हे तुम्ही देवाला विचारलंत? की त्याच्या वतीने तुम्हीच नाही म्हणून टाकलंत?”

अप्पा परत निघाले ते घरी गेलेच नाहीत. गळ्यातली मोजपट्टी तशीच लोंबत ठेवून ते थेट राघोच्या खोलीपुढे जाऊन उभे राहिले. राघो उंबऱ्यावर बसून गळाची गुंतलेली दोरी सोडवत होता.

“राघो, ऊठ. पाठ दाखव.”

“काऊन अप्पा? म्या काय केलं? धपाटा घालता का काय?”

“मापं घ्यायची आहेत. तुझा थैला शिवायचाय. मासळीचा.”

राघोच्या हातातली दोरी थांबली. “अन् माळेचं काय?”

“माळ माझ्या गळ्यात आहे बाबा. ती तुझ्या पाठीवर कशाला लादू?” अप्पांनी मोजपट्टी उलगडली. “आधीच यायला हवं होतं. आणि दुसरी गोष्ट तुला माझ्याच तोंडून कळू दे. एका शिकाऱ्याचा थैलाही आलाय. मोहात पडलोय मी. पण आधी तुझा शिवीन, मग त्याचा.”

राघोने दोरी बाजूला ठेवली. मग तो उठला, पाठ फिरवून ताठ उभा राहिला, आणि खांद्यावरून मागे बघत म्हणाला, “आधी लहान शिकारी, मंग मोठा. बरं हाय! मंग एक करा, आतून रबर लावा, पाणी गळते. अन् कापड गुलाबी नका आणू. तुमच्या मार्केटात निसतं गुलाबीच दिसते.”

पुढचे दिवस अप्पांच्या आयुष्यातले मोठे मौजेचे गेले. राघोचा थैला आधी झाला. तो निळा होता, आतून जुन्या ट्यूबचे रबर, खाली रुंद कमरपट्टा. मग शिकारीच्या थैल्याची पाळी आली, आणि प्रश्न उभा राहिला मुक्या कापडाचा. साऱ्या देशाला कापड पुरवणारी सुरत, पण तिचे कापड बोलके! पॉलिस्टर कुजबुजते, नायलॉन सरसरते, खळ चढवलेला कोरा कपडा तर पाऊल टाकताच भांडायला उठतो. अप्पा दुकानोदुकानी जात, तागा कानाशी धरत, चोळत आणि डोळे मिटून ऐकत.

“काका, कापड पहनना है कि उससे बात करनी है?” एका दुकानदाराने विचारले.

“बोलणारं नको म्हणून तर ऐकतोय,” अप्पा म्हणाले.

अखेर बारडोलीला एका गाववाल्याच्या मालवाहतुकीच्या आवारात ते कापड सापडले. साखरेच्या पोत्यांवर टाकलेली जुनी सुती ताडपत्री होती ती. उन्हापावसाने तिचा ताठा पार गेला होता. कानाशी चोळली तरी ती मौनच धरून बसली. ऊन सोसले, पाऊस सोसला, गोडाच्या संगतीत राहिली आणि बोलायचे विसरली. अप्पांना ती एखाद्या साधूसारखी वाटली. त्यांनी तिला कढत पाण्यात धुतले, मेण चोळले, आणि मेणाच्या दोऱ्याने दाभण चालवायला बसले. पहिल्या थैल्याच्या नळ्या काढून, त्यांना सुती चिंध्या गुंडाळून किरकिर बंद केली. सांगाडा आणि थैला यांच्या मध्ये जड वस्तू आवळून बांधण्याची झोळी केली. कमरेच्या गादीत सुरी ठेवण्यासाठी मऊ अस्तराचा एक चोरकप्पा बसवला. शिवताना त्यांच्या तोंडी नाम होते. ते कोणासाठी, हमालांसाठी की त्या दूरच्या जनावरासाठी, हे त्यांनी स्वतःलाही विचारले नाही.

एकादशी उजाडली. मंडळ देवळापुढे जमले. दोन्ही नवे थैले ओळीने ठेवले होते आणि पुष्पाबाई, ज्यांच्याकडे मंडळाच्या टाळांची राखण असे, सामान भरत होत्या. गणपतबुवांनी विठोबाची मूर्ती हातात घेतली आणि अप्पांकडे पाहिले. अप्पांनी निळा थैला उघडून धरला. राघोचा थैला.

राघो मागे सरकला. “अप्पा, नको. मी घेणार असन तर नको. माह्या अंगाले मासळीचा वास येते.”

“देवाला सगळे वास ओळखीचे आहेत रे,” बुवा म्हणाले, “उपवासाच्या दिवशी नुसता उदबत्तीचा वास घेऊन तोही कंटाळत असेल.” आणि मूर्ती थैल्यात बसली, थैला राघोच्या पाठीवर बसला, आणि वऱ्हाडचा राघो असा जपून उभा राहिला की जणू नदीवरून भरून आणलेली घागर डोक्यावर घेतली आहे. कलाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि लगेच, “धूळ गयी वं डोयामा,” असे म्हणून टाकले.

एवढ्यात मोटार आली. ठाकोरभाईंना निरोप होता, की थैला एकादशीनंतर मिळेल. पण त्यांना धीर निघाला नव्हता. “मारो थैलो छे, तर चाचणी मीच करणार ना! दुसऱ्याच्या पाठीवर माझी निवड कशी कळेल?” त्यांच्या थैल्यात पखवाज, समई, प्रसादाच्या शेंगदाण्यांचे पोते आणि टाळ भरले होते. त्यांनी तो उचलला, कमरपट्टा आवळला आणि पांढऱ्या बुटांनी चालू लागले.

काय ती मिरवणूक! पुढे वीणा, मागे टाळ, मध्ये मासळीवाल्याच्या पाठीवर देव आणि शिकाऱ्याच्या पाठीवर पखवाज. ट्रकवाले भोंगे वाजवत, उसाच्या फडातली माणसे हात करत. ठाकोरभाई सुरुवातीला थैल्याकडे कान लावून चालत होते. अर्ध्या वाटेत त्यांनी ओरडून सांगितले, “अप्पा, एकदम मुकं! अने खांदा तर मला आहे की नाही तेच कळत नाही!” कडोदरा येईपर्यंत त्यांना पावले टाकण्याचा ठेका सापडला होता, आणि देवळापुढच्या पटांगणात शेवटच्या गजराला हा धिप्पाड शिकारी थैल्यासकट असा नाचला की कोणीतरी विचारले, “हे नवे टाळकरी कुठले?”

परतताना सामान टेंपोत गेले, ठाकोरभाईंनी आपला थैला छातीशी धरून मोटारीत ठेवला आणि पुढच्याच आठवड्यात ते विमानात बसले.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. कापडबाजारातले हमाल अप्पांकडे कमरपट्ट्यासाठी रांग लावू लागले. आणि मंडळाचा एक टाळजोड, सगळ्यांत लहान पण सगळ्यांत गोड आवाजाचा, नाहीसा झाला. पुष्पाबाई लेकीच्या बाळंतपणाला जळगावकडे गेलेल्या, विचारावे कुणाला? टेंपो झाडून पाहिला, कडोदऱ्याला निरोप धाडला. “माह्या थैल्यात पाहा बरं,” असे म्हणत राघोने आपला निळा थैला आपणहून उलटा केला, तेव्हा त्यातून मासळीचे दोन खवले पडले आणि सगळे हसले. टाळांचे मात्र नाव नाही.

शरद ऋतू लागला, तसे अप्पांचे मन मधूनमधून कॅनडाला जाऊ लागले. रबर कापताना, दोरा ओवताना ते थांबत. आपल्या हातचा थैला आता कुठल्या रानात असेल? त्यात काय बांधले असेल? माळेवर हात जाई, मग राघोची सायकल जाताना दिसे. दोन्ही हात मोकळे, पाठीवर निळा थैला, आणि तोंडाने शीळ. मग हात पुन्हा कामाला लागे. तरी मनाच्या तळाशी एक प्रश्न उरलाच होता, की देवाला हे चालले की नाही?

पुढच्या हिवाळ्यात मोटार पुन्हा गल्लीच्या तोंडाशी थांबली. त्या दिवशी दुकानात गणपतबुवा होते, एका लेकीमागून दुसरीचे, अशी बाळंतपणे उरकून कालच परतलेल्या पुष्पाबाई होत्या, आणि राघो सायकल टेकवून उभा होता. ठाकोरभाई आले, पण हसले नाहीत. त्यांनी थैला मशीनवर ठेवला आणि खिशातून लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळलेले काहीतरी काढून अप्पांच्या हातावर ठेवले. मोजा उलगडला. टाळ.

“अप्पा, खरं सांगा. तमे जाणून ठेवले?”

“मी?” अप्पांनी टाळ मशीनवर ठेवले.

“ऐका तर! पहाटेची वेळ. तळ्याच्या काठावर मी अने माझा दोस्त पीटर. श्वास पण दबून घेतो. झाडीतून मूस निघाला, अप्पा, मोठो राजा! मी एक गुडघा टेकला. कमरेच्या गादीत काहीतरी सरकलं, अने...” ठाकोरभाईंनी टाळ उचलले आणि एकमेकांवर आपटले. टण्ण! अख्ख्या गल्लीत ते घुमले. “मूसने माझ्याकडे पाहिलं. मी मूसकडे. पछी तो निघून गेला, जसा देवळातून भक्त जातो, शांतपणे. पीटर मला विचारतो, ठाकोर, इथे जवळ चर्च आहे का?”

राघोच्या तोंडून फिस्सकन हसू निसटले, पण अप्पांना हसू आले नाही. त्यांनी माळ मुठीत धरली. “ठाकोरभाई, थैला शिवावा की नाही, यासाठी मी भांडलो असेन, पण ते स्वतःशी. शिवायला घेतल्यावर त्यात खोट ठेवणारा शिंपी मी नव्हे. मला तुमची शिकार मोडायची असती तर मी तोंडावर नाही म्हटलं असतं. मुकं कापड शोधायला बारडोलीपर्यंत कशाला गेलो असतो?” बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. आयुष्यभराच्या शिवणीवर कोणी प्रथमच बोट ठेवले होते.

“अगं बाई!” पुष्पाबाई मागून ओरडल्या. “तो गादीतला मऊ कप्पा? ते टाळ मीच ठेवले की त्यात, आणि काढायचे विसरले! समईवर वाजत होते म्हणून ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळले, आणि कप्पा पाहिला तर टाळ जेमतेम मावत होते. मला वाटलं, अप्पांनी खास टाळांची खोळ केलीय. दुसऱ्या कशासाठी करतील हो अप्पा असला कप्पा?”

सुरीचा कप्पा आणि त्यात टाळ! मग ठाकोरभाईंच्या पोटातून हसू निघाले, ते छातीत आले, ते गल्लीभर झाले. हसता हसता त्यांनी अप्पांना मिठीत घेतले.

“माफ करा, अप्पा. तुमचं कापड एटलुं मुकं, की टाळ वर्षभर माझ्या कमरेला अने मला कळलं नाही! सुरी मी बुटात ठेवतो, तो कप्पा उघडलाच नाही; गुडघा टेकला तेव्हा तो तुकडा सुटला असेल. अप्पा, थैला तर नंबर एक. पछी पीटरने एक मारला, त्याची टांग मी ह्याच थैल्यात दिवसभर वाहिली. खांदा दुखला नाही.”

अप्पांनी ऐकले. त्यांचे हात आपोआप जुळले. ते त्या न पाहिलेल्या जनावरासाठी जुळले, हे कुणी सांगायला नको होते. जे जायचे होते ते त्या थैल्यातून गेलेच होते. पण त्याआधी त्यात देवाचे ओझे गेले होते, आणि एक जीव टाळांच्या आवाजाने आपल्या पायांनी रानात परत गेला होता. यातले आपल्या हातचे किती आणि वरच्याच्या हातचे किती, याचा हिशेब शिंप्याने मांडायचा नसतो, असे त्यांना वाटले. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारले, “ठाकोरभाई, कमरपट्टा टोचला का कुठे?”

“डाव्या बाजूला. जराक.”

“टाळ तिथेच होते ना,” अप्पा म्हणाले, आणि सगळे पुन्हा हसले.

“तर आता दुरुस्त करा,” ठाकोरभाई म्हणाले. “अने एकादशी कधी छे? पुन्हा कडोदऱ्याला मीच नेणार. पण ह्या टायमाला खिसे मी तपासणार, पुष्पाबेन नहीं!”

राघोने सायकलची घंटी वाजवली. “एक करा ना भाऊ. यंदा टाळ माह्या थैल्यात ठेवा. माह्ये मासे मेल्यावरच आत येतेत. वाजलं तरी पळत नायी!”

कलाबाई आतून चहाच्या कपबशा घेऊन आल्या. अप्पांनी ठाकोरभाईंचा थैला मांडीवर ओढला, डावीकडची गादी उसवली, आणि मशीन पुन्हा गाऊ लागली.